खुनी दहाच्या आत सापडला पाहिजे

पावसाळ्यातल्या कोकणाइतकी खुनाला सोयीची जागा महाराष्ट्रात दुसरी नसावी. जुलै महिना घ्या. घाटात दरड आलेली, साकवावरून पाणी चाललेलं, दुपारी गेलेली वीज कधी येणार हे वायरमनलाही ठाऊक नाही, मोबाइल घेऊन परसातल्या ठरावीक फणसाखाली उभं राहिलं तरच रेंज मिळणार. अशा रात्री एका घरात सात माणसं अडकली आणि सकाळी सहाच उठली, तर बाहेरच्या जगाला पत्ता लागायला दोन दिवस सहज जातात. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याला घासून गेलं तेव्हा वाडीवाडीत वीज नव्हती, रस्त्यांवर झाडं आडवी होती, आणि शेजारच्या गावात काय झालं हे आम्हाला मुंबईच्या नातेवाइकांकडून कळत होतं.

परदेशातल्या रहस्यनाटकवाल्यांना ही परिस्थिती मुद्दाम तयार करावी लागते. अगाथा ख्रिस्तीचं ‘द माउसट्रॅप’ लंडनमध्ये 1952 साली सुरू झालं. करोनाने मध्ये वर्षभराहून जास्त पडदा पाडला, एवढा खंड सोडला तर ते आजही चालू आहे. त्यात माणसं एका गेस्टहाउसात बर्फामुळे अडकतात. आमच्या गुरुजींनी ते वाचलं आणि म्हणाले, “आपल्याला बर्फ कशाला हवा?”

गुरुजी म्हणजे आमच्या वाडीच्या नाट्यमंडळाचे लेखक, दिग्दर्शक आणि वेळ पडली तर झाडूवाले. प्राथमिक शाळेतून निवृत्त झाले आणि तेव्हापासून त्यांचा सगळा दरारा आमच्या वाट्याला आला. दरवर्षी मे महिन्यात चाकरमानी गावी आले की वाडीची सत्यनारायणाची पूजा होते आणि रात्री नाटक. मालवण तालुक्यातल्या खाडीकाठच्या आमच्या गावात ही पद्धत माझ्या आजोबांच्या आधीपासूनची. बरीच वर्षं ऐतिहासिक नाटकं झाली, मग सासू-सुनेची रडारड, मग विनोदी. मी त्यात कधी काम केलं नाही. मी प्रॉम्प्टर. विंगेत स्टुलावर बसायचं, वहीवर टॉर्च धरायचा आणि नटाचा श्वास अडला की पुढचा शब्द पुरवायचा. प्रेक्षकांची तोंडं आणि नटांच्या पाठी एकाच वेळी दिसतात अशी ही एकच जागा आहे, आणि ती मी कुणाला देणार नाही.

तर गुरुजींनी गेल्या वर्षी खून करायचा ठरवला. स्थळ: खाडीवरचं जुनं घर, ज्याला पुतण्याने होमस्टे केलंय. काळ: जुलै. मेलेला माणूस: घराचे थोरले काका. खुनाचं कारण शोधायला गुरुजींना पाच मिनिटंही लागली नाहीत. सातबारा काढा, म्हणाले. आमच्याकडे एकेका सामाईक सातबाऱ्यावर तीस-चाळीस नावं असतात. त्यातली निम्मी माणसं मुंबईत, काही वारलेली, आणि एकाची सही अडली की सगळ्यांचं अडतं. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात जमिनींचे पैसे मिळायला लागले तसे कधी न दिसलेले भाऊबंद गावात दिसायला लागले. नाटकातल्या थोरल्या काकांनी अशीच एक सही अडवून धरली होती. संहिता पहिल्यांदा वाचली तेव्हा ऐकणाऱ्या प्रत्येकाला ती आपल्याच घरावर लिहिलीय असं वाटलं. दोघे जण तर दुसऱ्या दिवशी गुरुजींच्या घरी विचारायला गेले.

मालवणी मुलखात हौशी मंडळींनी काही गंभीर करायचं म्हटलं की एक सावली आधीच स्टेजवर येऊन बसलेली असते. गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ 1980 साली आलं. गावचं मंडळ महाभारत करायला जातं आणि काय गोंधळ होतो, त्याचं ते नाटक. मच्छिंद्र कांबळींचे तात्या सरपंच ज्याने पाहिले नाहीत असा माणूस आमच्याकडे शोधून सापडणार नाही. पाच हजारांवर प्रयोग झाले त्याचे. परिणाम असा, की आमच्या तालमीला येणारा प्रत्येक जण दारातूनच विचारतो, “काय मगे, वस्त्रहरण करतास?” आणि चुकायची वाट बघत बसतो. चूक झाली की तो खूश, नाही झाली तर जरासा नाराज. रहस्यनाटकाला हे मारक. तिथे प्रेक्षकाने चुकीकडे नाही, खुणेकडे बघायला हवं.

पण खरी अडचण त्याहून जुनी होती, आणि ती दाखवली वाडीतल्या एका म्हाताऱ्या दशावतारी नटाने. तरुणपणी हे आबा जत्रेजत्रेत राजा आणि राक्षस दोन्ही झालेले. तालीम बघून ते म्हणाले, “आमचो संकासूर येता तोच सांगत येता, चोर मीया म्हणान. तुमचो खुनी शेवटाक कळतलो. तोपर्यंत लोकांनी बघूचा काय?”

गुरुजींना हे लागलं. मलाही. कारण आमचा प्रेक्षक घडलाय तो दशावतारात. देवळासमोर मांड पडतो, पायपेटी आणि पखवाज सुरू होतात, गणपती येतो, रिद्धी-सिद्धी नाचतात, आणि मग काळ्या वेशातला संकासूर वेद चोरतो. चोर कोण, माल कुठला, शेवटी मारणार कोण, हे सगळं अंगणातल्या पोरालाही माहीत. पुढचं आख्यानही पुराणातलं, म्हणजे ऐकलेलंच. लिहिलेली संहिता नाही, संवाद तिथल्या तिथे रचले जातात. तरी लोक पहाटेपर्यंत बसतात. कारण ते ‘काय होणार’ बघायला आलेलेच नसतात. आज हा राजा कसा बोलतो, राक्षसाची उडी कशी पडते, या दोघांच्या सवाल-जबाबात कोण कुणाला चीत करतो, हे बघायला आलेले असतात. अशा माणसांना दोन तास “सांगणार नाही” म्हणून बसवायचं हे धाडसच.

नाट्यशास्त्रवाल्या भरतमुनींचीही खुनाच्या बाबतीत आपल्याला फारशी मदत नाही. रंगमंचावर मृत्यू प्रत्यक्ष दाखवू नये असा संस्कृत नाटकाचा संकेत. भासाने ‘ऊरुभंगा’त दुर्योधनाला प्रेक्षकांसमोर मरू दिलं, म्हणून ते नाटक आजही वेगळं काढून दाखवतात. आमच्या गुरुजींनी संकेत पाळला. खून अंधारात, पडवीत, आणि ब्लॅकआऊट संपला की प्रेत. पण प्रेत म्हटलं की रक्त आलं, आणि रक्ताने आमचे पंधरा दिवस खाल्ले.

कोकणात लाल पातळ पदार्थ म्हटल्यावर पहिलं काय सुचणार? कोकमाचं आगळ. घरोघरी बाटल्या भरलेल्या. काकांच्या सदऱ्यावर ओतलं, दिवे लावले, आणि रक्ताऐवजी शाई सांडल्यासारखं काळं. प्रकाशयोजना आमच्या गावच्या वायरमनकडे. त्याने कारण सांगितलं: रात्रीचा सीन म्हणून स्पॉटवर निळा जिलेटिन लावलाय, लाल वस्तूला परत फेकायला लाल उजेडच मिळत नाही, मग ती काळी दिसणार नाही तर काय. मग एका वहिनींनी आगळात घरी केलेलं हळदीचं कुंकू कालवलं. रंग गडद व्हायच्या ऐवजी सगळं मिश्रण गढूळ पिवळट झालं. आधी वाटलं कुणीतरी चेष्टा केली. मग शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी उलगडा केला. हळद चुन्याने लाल होते, तेच घरगुती कुंकू. आंबट लागलं की ती पुन्हा आपल्या मूळ रंगावर जाते. खुनाचा तपास पुढे, हाच पहिला तपास लागला. शेवटी साखरेचा घट्ट पाक, खाण्याचा लाल रंग आणि चमचाभर कोको यावर जमलं. काकांच्या बाजूला एक पिवळसर स्पॉट वेगळा ठेवला आणि रक्त रक्तासारखं दिसलं.

पाकाचा एक दोष मात्र कुणाच्या लक्षात आला नाही. काकांची भूमिका आमच्या पोस्टमनदादांकडे होती. तिकडे पुढे येते.

दुसरं बंधन सरकारी. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, हा 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा नेम. काही दिवसांना बारापर्यंत सवलत असते, पण आमचा दिवस त्यात नव्हता. नियम चांगलाच आहे, माझी तक्रार नाही. पण कोकणात आठच्या आत कुणी जेवून स्टेजसमोर येत नाही. तिसरी घंटा सव्वाआठला धरली तर पावणेदोन तास. गुरुजींनी तालमीच्या खोलीत पाटीवर खडूने लिहून ठेवलं: ‘खुनी दहाच्या आत सापडला पाहिजे.’ संहिता नाटकांना परवानगी देणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवायच्या आधीच तिसऱ्या अंकातलं तलाठ्याचं लांबलचक भाषण उडालं. तलाठी झालेला मुलगा अजून आमच्याशी धड बोलत नाही.

गुरुजींची एक पद्धत मला फार आवडली. शेवटची आठ पानं त्यांनी कुणालाच दिली नाहीत. फक्त माझ्या वहीत होती. खुनी कोण हे खुनी झालेल्या नटालाही महिनाभर ठाऊक नव्हतं. त्यांचं म्हणणं, माणसाला आपण खुनी आहोत हे कळलं की तो डोळे बारीक करून बोलायला लागतो, चहासुद्धा संशयास्पद पितो. हे खरंय, मी पाहिलंय. रंगीत तालमीच्या आठवडाभर आधी पानं वाटली, तेव्हा त्या नटाने चार दिवस सगळे संवाद घालवले. गुरुजींनी त्याला एवढंच सांगितलं: “खोटं बोलताना कुणी खोट्याचा आवाज काढत नाही. उलट जास्त खरा आवाज काढतो.” (मी ‘त्याला’ म्हणतेय म्हणून अंदाज बांधू नका. ‘नट’ पुल्लिंगी, एवढाच त्याचा अर्थ. आमच्या नाटकात दोन बायकाही संशयित आहेत.)

लिंग लपवायची कसरत तर संहितेत पानोपानी. अंधारात कुणाला तरी पाहिलेलं घरगडी सांगतो, तिथे ‘आला होता’ म्हटलं की बायका सुटल्या, ‘आली होती’ म्हटलं की पुरुष सुटले. गुरुजींनी त्याच्या तोंडी घातलं, “पडवीत कोणतरी उभा होता.” मालवणीत ते आमच्या कानाला नपुंसकलिंगीच लागतं. चाकरमानी प्रेक्षकांना मात्र ते पुल्लिंगी वाटलं आणि त्यांनी दोन्ही बायकांना मनातून निर्दोष सोडून दिलं. दिशाभूल आयतीच झाली.

आता नाटकातली मुख्य खूण सांगते. नाव नाही सांगणार, पण खूण सांगायला हरकत नाही. बंदूक ठासणीची. डुकरं-माकडं हाकलायला पीकसंरक्षणाच्या परवान्यावर बागायतदारांकडे असते तसली. बार उडतो तो विजेच्या कडकडाटात बुडून जातो. पण काळी दारू हाताला काजळी सोडते. पहिल्या अंकात माणसं एकामागून एक घरात येतात, बाहेर धोधो पाऊस, आणि येणारा प्रत्येक जण खुंटीवरच्या पंचाला हात पुसतो. सगळे भिजलेले आहेत. एकच जण पडवीतून येतो, ज्याच्या अंगावर पावसाचा थेंब नाही. तोही हात पुसतो. कोरडे हात.

बस, एवढंच. मधोमध, पूर्ण उजेडात. त्याच क्षणी दुसऱ्या कोपऱ्यात पुतण्या आणि तलाठी सहीवरून भांडत असतात, त्यामुळे कुणाचं लक्ष जात नाही. पहिल्या प्रयोगाला मी विंगेतून पहिल्या चार रांगा निरखत होते. एकाचीही मान तिकडे वळली नाही. शेवटी वायरमनने पंचावर स्पॉट टाकला, त्यावरचा काळा ठसा दिसला, आणि मांडवात मोठा हुंकार उठला. मला वाटतं रहस्यनाटक लिहिणाऱ्याला याहून मोठी बिदागी नाही. दहाला सात मिनिटं कमी होती.

मधल्या काळात पोस्टमनदादांचं प्रेत दुसरा अंकभर पडवीत पडून होतं. अर्ध्या अंकात मुंगळे आले. साखरेचा पाक, मे महिना, जमिनीवर चटई, येणारच. मी विंगेतून बघत होते. आधी पायाचा अंगठा हलला, मग खांदा. मागच्या रांगेतून पोरं ओरडली, “मेलो, पण हलता रे!” इन्स्पेक्टर झालेल्या मुलाने प्रसंगावधान राखून प्रेतावर घोंगडी टाकली आणि म्हणाला, “पंचनाम्यापर्यंत झाकून ठेवा.” टाळ्या पडल्या. घोंगडीखाली पुढे काय झालं ते दादांनी नंतर सविस्तर सांगितलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

प्रयोग संपल्यावर निवेदकाने लंडनची रीत पाळली. ‘द माउसट्रॅप’च्या शेवटी प्रेक्षकांना विनंती करतात, की खुनी कोण ते बाहेर सांगू नका. आम्हीही केली. पाच दिवसांनी खाडीपलीकडच्या गावात दुसरा प्रयोग होता. लोकांनी माना डोलावल्या. सकाळी रापणीच्या जाळ्याची दोरी ओढताना किनाऱ्यावर दुसरा विषय नव्हता. आठच्या सुमारास खुन्याचं नाव वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, दुपारी पलीकडच्या गावात, संध्याकाळी ठाण्यात. गुपित ठेवायची विनंती कोकणात करणं म्हणजे त्याची दवंडी पिटणंच. लंडनमधला प्रेक्षक रोज नवा, एकमेकांना अनोळखी. आमच्याकडे पहिल्या रांगेतल्या बाईची बहीणच पलीकडच्या गावात दिलेली.

गुरुजी म्हणाले, शेवट बदलू. दुसऱ्याला खुनी करू. रात्रभर बसून बघितलं, जमेना. एक धागा ओढला की दुसरा सुटत होता. कोरडे हात फक्त एकाच माणसाचे असू शकत होते. तसेच गेलो. मला खात्री होती की लोक मध्यंतरात उठून जाणार.

कुणी उठलं नाही. मांडव भरून बाहेर लोक उभे होते. आणि खुनी पहिल्यांदा आत आला तेव्हा मांडवात जी शांतता पसरली ती आमच्या वाडीत पसरली नव्हती. माणसं त्याच्याकडेच बघत होती. तो बोलत नसताना, दुसरा कुणी बोलत असतानासुद्धा. पंचाची वेळ जवळ आली तशी कुजबुज वाढली. “आता बघ हां, हाताकडे बघ.” भांडणारे पुतण्या-तलाठी घसा फोडून भांडत होते आणि एकही डोळा त्यांच्याकडे नव्हता. कोरडे हात पुसले गेले. मांडवभर एकदम ‘हां!’ झालं. खुनी झालेला नट दचकला, पण सावरला. पुढच्या अंकात त्याने मेलेल्या काकांच्या आठवणीने डोळे पुसले तेव्हा आमच्या वाडीत बायका हळहळल्या होत्या. इथे लोक हसले, आणि हसता हसता त्यातल्या एका आजींनी मोठ्याने शिवी दिली. इन्स्पेक्टर चुकीच्या माणसाला धरायला निघाला की पोरं त्याला वाट दाखवू लागली.

मी वहीतून मान वर काढून ऐकत होते. तेच संवाद, मी प्रॉम्प्ट केलेले, आणि प्रत्येकाला आता दुसरा अर्थ होता. “काकांनी मला काय कमी केलं?” हे वाक्य पहिल्या प्रयोगात प्रेमाचं होतं. इथे ते हिशोबाचं होतं. गुरुजींनी लिहिताना दोन नाटकं लिहिली होती, एक न कळणाऱ्यांसाठी आणि एक कळलेल्यांसाठी, आणि दुसरं जास्त चांगलं निघालं. जुन्या रंगभूमीला हे माहीत होतंच. अत्र्यांचं ‘तो मी नव्हेच’ 1962 चं. फिरत्या रंगमंचावर कोर्ट उभं राहतं, साक्षीदार येतात, आणि वेगवेगळ्या वेशातला हा प्रत्येक माणूस एकच लखोबा लोखंडे आहे हे प्रेक्षकाला पक्कं ठाऊक असतं. न्यायाधीशांसमोर तो “तो मी नव्हेच” म्हणतो आणि लोक खूश होतात. प्रभाकर पणशीकरांच्या पाच भूमिका बघायला माणसं पुन्हा पुन्हा गेली, कोण ते शोधायला नव्हे. दशावतारात वाढलेला प्रेक्षक आमच्या खुन्याला त्याच नजरेने बघत होता. त्यांनी त्याला आपला संकासूर करून टाकलं होतं.

आबा दुसऱ्या प्रयोगालाही आले होते. नाटक कसं झालं ते बोलले नाहीत. नटाला जवळ बोलावून एवढंच म्हणाले, की हात पुसताना घाई करतोस, थांब थोडा. गुरुजींनी ऐकलं आणि तिथेच दोघांची जुंपली. गुरुजींचं म्हणणं, खुनी थांबला तर न कळणाऱ्याला कळेल. आबांचं म्हणणं, न कळणारा आता उरलाय कोण? मला विचारलं तर मी आबांच्या बाजूची, पण प्रॉम्प्टरला कुणी विचारत नाही.

यंदा तेच नाटक पुन्हा करायचं ठरलंय. देवगडकडच्या एका गावाने बोलावलंय, आणि तिकडे अजून नाव पोचलेलं नाही असा आमचा समज आहे. म्हणून मी लिहिलं नाही. तलाठ्याचं भाषण पुन्हा नाटकात घालावं असा अर्ज आलाय, पण दहाची वेळ काही हललेली नाही. पोस्टमनदादा तयार आहेत, फक्त रक्त कशाचं करणार ते आधी लेखी मागितलंय. “मरतंय,” म्हणाले, “पण पाकात नाय.”